‘ओ ज्यू’चा पिवळा पीतांबर: मांसाच्या ताटाशेजारच्या त्या वाटीत नक्की काय असतं?

अमेरिकेतल्या एखाद्या स्टेकहाउसमध्ये मेन्यूकार्ड उघडलं की ‘प्राइम रिब, विथ ओ ज्यू’ ही ओळ हमखास भेटते. ताट येतं तेव्हा भाजलेल्या बीफच्या जाड कापाशेजारी कोऱ्या चहाच्या रंगाच्या पातळ द्रवाची छोटी वाटी असते. नवखा माणूस इथे बुचकळ्यात पडतो. सूप म्हणावं तर चमचा दिलेला नाही, ग्रेव्ही म्हणावी तर दाटपणा नाही. सँडविचबरोबर हीच वाटी आली आणि सँडविच तिच्यात बुडवायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, तर ती न शिवता परत जाते.

‘ओ ज्यू’च्या आसपास बुयों, ब्रॉथ, स्टॉक, कॉन्सोमे, बोन ब्रॉथ असे आणखी बरेच शब्द फिरत असतात. आपण या सगळ्यांना ‘सूप’ म्हणून मोकळे होतो. खाणाऱ्याचं त्यावाचून फारसं अडत नाही, पण करणाऱ्याचं अडतं आणि बीफ न खाणाऱ्याचं तर नक्कीच अडतं. पाककृतीत स्टॉक लिहिलेला असताना विकतच्या सूप-क्यूबचं पाणी घातलं की पदार्थ खारट का होतो, किंवा शाकाहारी समजून मागवलेल्या कांद्याच्या सूपमध्ये बीफ कुठून आलं, याची उत्तरं या शब्दांतच दडलेली आहेत.

‘दह्यासोबत’ नावाचा पदार्थ नसतो

फ्रेंचमधला ‘ओ’ हा आपल्या ‘-सह’, ‘-सोबत’सारखा जोडशब्द आहे. ‘ज्यू’ म्हणजे रस. लिहिताना त्याच्या शेवटी ‘स’ येतो, पण उच्चारात तो गळतो. ‘ज’ सुद्धा ‘जहाज’मधला नव्हे, त्याहून मऊ. ओठ ‘उ’चे करून ‘ई’ म्हणायला गेलं की जे निघतं ते साधारण बरोबर असतं. अमेरिकेत मात्र ‘ओ झू’पासून सरळ ‘ओ जूस’पर्यंत सगळं ऐकू येतं.

म्हणजे ‘ओ ज्यू’चा अर्थ झाला ‘रसासह’. हे वाढण्याच्या पद्धतीचं वर्णन आहे: भाजलेलं मांस, त्याच्याच रसासह. आपण ‘दह्यासोबत थालीपीठ’ म्हणतो, पण दुकानात जाऊन ‘अर्धा किलो दह्यासोबत द्या’ म्हणत नाही. अमेरिकन इंग्रजीत नेमकं तेच झालं आहे. ‘रसासह’ हा शब्द त्या रसाचंच नाव होऊन बसला आणि मग त्याला पुन्हा ‘विथ’ जोडावं लागलं. ‘विथ ओ ज्यू’ म्हणजे ‘रसासहच्या सह’. आपल्याकडे अशा प्रयोगाला पिवळा पीतांबर म्हणतात.

फ्रान्समध्ये त्या वाटीतल्या वस्तूला नुसतं ‘ज्यू’ म्हणतात. (तिथल्या बोलीत ‘एत्र ओ ज्यू’ म्हणजे एखाद्या गोष्टीची खबर असणं, त्याचा स्वयंपाकाशी काही संबंध नाही.) अमेरिकेतल्या वेटरची चूक काढण्यात अर्थ नाही. तिथे ‘ओ ज्यू द्या’ म्हटल्याशिवाय वाटी येणार नाही. पण पाककृती वाचताना मूळ अर्थ लक्षात ठेवावा, कारण हा रस कुठून आला हे तो शब्द सांगतो.

ज्यू आणि यूष, बुयों आणि कढण

‘ज्यू’ आला लॅटिनमधल्या ‘यूस’वरून. त्याचा अर्थ मांसाचा किंवा इतर कशाचा पातळ रस, रस्सा. संस्कृतातला ‘यूष’ हा त्याचाच नातलग, दोन्ही एकाच प्राचीन मुळापासून निघालेले. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६२व्या सूक्तात यूष ओतायच्या भांड्यांचा उल्लेख आहे, आणि तिथे तो मांसाचाच आहे. पुढे आयुर्वेदात ‘यूष’ हा शब्द मुख्यतः कडधान्यांच्या पातळ सुपाला राहिला आणि मांसाच्या सुपाला ‘मांसरस’ म्हणू लागले. मुद्गयूष म्हणजे आपल्या घरातलं मुगाचं कढण.

दुसरा शब्द या कढणाशीच जुळतो. फ्रेंच ‘बुयों’ हा ‘बुयीर’ म्हणजे उकळणे या क्रियापदावरून आला. कढण, कढी आणि काढा हे शब्दही उकळणे, आटवणे याच अर्थाच्या ‘क्वथ्’ धातूवरून आलेले. तेव्हा मराठीत बुयों समजावून सांगायचं तर ‘मांसाचं कढण’ इतकं पुरे आहे.

आणि दोन्ही शब्दांतला फरकही इथेच आहे. बुयों हे पाण्यात उकळून उतरवलेलं असतं, तर ज्यू हा भाजताना मांसातून पाझरलेला असतो. पहिल्यात सुरुवात पाण्यापासून होते. दुसऱ्यात पाणी घालायचंच झालं तर ते शेवटी येतं.

भाजलेल्या शेंगदाण्याची चव उकडलेल्या शेंगांना का नसते

शेंगा उकडून खाल्ल्या तर एक चव लागते, दाणे भाजून खाल्ले तर अगदी वेगळी. दाणा तोच, फरक तापमानाचा. पाणी आहे तोवर पदार्थ १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत नाही. कोरड्या आचेवर मात्र पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जातो आणि तिथे प्रथिनं व साखरेचे अंश एकमेकांशी संयोग पावून तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे शेकडो नवे पदार्थ तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया वर्णिली, म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. बाकरवडीचा रंग, खरपूस भाकरीचा पापुद्रा, भाजलेल्या खोबऱ्याचा वास हे सगळं तिचंच काम.

ओव्हनमध्ये बीफचा मोठा तुकडा भाजताना त्यातून रस आणि चरबी ट्रेमध्ये ठिबकतात. रसातलं पाणी उडून जातं आणि उरलेला अंश तळाला तपकिरी थर होऊन चिकटतो. इंग्रजी पाककृतींत या थराला ‘फों’ हा फ्रेंच शब्द वापरतात, म्हणजे तळ किंवा पाया. आपल्याकडे शब्द तयारच आहे: खरवड. बासुंदीच्या पातेल्याची खरवड ज्यांनी चमच्याने खरवडून खाल्ली आहे त्यांना ज्यूचं रहस्य सांगायला नको. सगळी चव त्या थरात बसलेली असते आणि ज्यू करणं म्हणजे ती खरवड पातळ द्रवात सोडवून घेणं.

भावंडांची ओळख

ब्रॉथ आणि बुयों ही जवळजवळ एकाच वस्तूची इंग्रजी आणि फ्रेंच नावं. मांस, किंवा मांस लागलेली हाडं, दोन-तीन तास मंद उकळायची, मीठ घालायचं. हे तसंच पिता येतं. स्टॉकमध्ये भर हाडांवर असतो आणि मीठ मुद्दाम टाळलेलं असतं, कारण स्टॉक हा पुढच्या पदार्थाचा कच्चा माल आहे. नुसता प्यायला तर तो मिळमिळीत लागतो, आणि तसा लागलाच पाहिजे.

कोल्हापुरात ही विभागणी फ्रेंच पुस्तकाशिवाय चालत आली आहे. मटण शिजवून काढलेलं, तिखट न घातलेलं अळणी पाणी हा तिथला स्टॉक. त्यात नारळाचं दूध आणि तीळ-खसखस-काजूचं वाटण गेलं की पांढरा रस्सा, चटणी आणि तांबडं वाटण गेलं की तांबडा. एका पातेल्यातून दोन पदार्थ. फ्रेंच स्वयंपाकघरातही पांढरा आणि तपकिरी असे दोन स्टॉक असतात, पण तिथे रंग मसाल्याचा नसतो. हाडं कच्ची घातली तर स्टॉक पांढरा, आधी भाजून घातली तर तपकिरी.

तपकिरी बीफ स्टॉकचं स्वयंपाकघरातलं रूढ प्रमाण साधारण असं: साडेतीन किलो हाडं, पाच ते सहा लिटर पाणी, अर्धा किलो भाज्या. भाज्यांत दोन भाग कांदा, एक भाग गाजर, एक भाग सेलरी. हाडांत सांध्याची आणि गुडघ्याची जास्त हवीत, नुसत्या नळ्या नकोत. नळीत मगज असतो, त्याने चरबी वाढते. सांध्यात कोलॅजन असतं, म्हणजे हाडं-स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन. ते सहा-आठ तासांच्या मंद उकळीत विरघळून जिलेटीन होतं. चांगला स्टॉक फ्रिजमध्ये ठेवला की थरथरणाऱ्या जेलीसारखा घट्ट होतो. पातेलं तिरकं केलं आणि द्रव पाण्यासारखा वाहिला, तर हाडं कमी पडली किंवा पाणी जास्त झालं असं समजावं.

यात सर्वाधिक चुका आचेच्या होतात. पाणी थंड असतानाच हाडं घालायची, म्हणजे प्रथिनं सावकाश गोळा होऊन फेस वर येतो आणि तो पळीने काढता येतो. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, इतकीच आच. खदखदू दिलं की चरबी बारीक थेंबांत फुटून पाण्यात मिसळते आणि स्टॉक गढूळ, तेलकट होतो. मग कितीही गाळा, तो निवळत नाही. प्रेशर कुकरमध्ये दीड-दोन तासांत काम होतं, पण शिट्टी होऊ द्यायची नाही. प्रत्येक शिट्टीला आतला दाब उतरतो आणि द्रव एकदम उसळतो. दाब भरला की आच अगदी बारीक करावी आणि शेवटी कुकर आपोआप निवू द्यावा.

कॉन्सोमे हा या घराण्यातला नखरेल सदस्य. आरपार दिसावं इतका स्वच्छ, पण चवीला दाट. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ एकत्र येऊन खाली बसतो. इथे ते काम अंड्याचा पांढरा बलक करतो, फक्त गाळ खाली न बसता वर तरंगतो. दोन लिटर थंड स्टॉकला पाव किलो बिनचरबीचा खिमा, तीन-चार अंड्यांचा पांढरा बलक, बारीक चिरलेली भाजी आणि आंबटपणासाठी एक टोमॅटो. हे सगळं थंड असतानाच कालवायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि कोमट होईपर्यंत तळाशी हळूहळू ढवळत राहायचं. बलक गोठायला लागला की हात थांबवायचा. वर जाडसर थर धरतो, गढूळपणा त्यात अडकतो. थराला पळीने एक भोक पाडून तासभर अगदी मंद ठेवायचं आणि मग मलमलच्या फडक्यातून थर न मोडता ओगराळ्याने गाळायचं. एकदा जरी उकळी फुटली तरी थर फाटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. मेक्सिकन बिर्रिया (मसाल्यात शिजवलेल्या मांसाच्या) टाकोसोबत हल्ली जी लालभडक ‘कोन्सोमे’ची वाटी येते, तिने फक्त नाव घेतलं आहे. ते मिरच्यांचं आणि मांसाचं रश्श्याचं पाणी असतं, त्यात निवळ काही नसतं. चवीला मात्र झकास.

राहिला बोन ब्रॉथ. तो म्हणजे मीठ घालून पिण्यासाठी विकलेला स्टॉक. नाव नवं, किंमत मोठी.

ट्रेमधून वाटीपर्यंत

तीन किलोचा हाडासकट बरगडीचा तुकडा धरू. जाळीवर मांस, खाली ट्रे. ट्रेमध्ये अर्धा किलो मांसाचे तुकडे-छाट आणि हाडं, एक कांदा, अर्धं गाजर. इथे एक गोची आहे. हल्ली मांस १२० अंशांवर सावकाश भाजायची पद्धत लोकप्रिय आहे, कारण ते आतून एकसारखं शिजतं. पण सावकाश भाजलेल्या मांसातून रस फारच थोडा पडतो. मांस जितकं नेटकं शिजेल तितका ज्यू कमी, म्हणून ट्रेमधले हे जास्तीचे तुकडे महत्त्वाचे. ट्रे कोरडा पडून कडा काळ्या व्हायला लागल्या तर अर्धी वाटी पाणी घालावं. तपकिरी खरवड हवी, काळी नको. काळी झाली की कडूपणा येतो आणि त्यावर इलाज नाही, ट्रे धुवून टाकावा.

मांस बाहेर काढून वीस-तीस मिनिटं झाकून ठेवायचं. तेवढ्या वेळात ज्यू होतो. ट्रेमधली चरबी वाटीत ओतून घ्या, चमचाभर मागे ठेवा. ट्रे सरळ गॅसवर मध्यम आचेवर ठेवा आणि कांदा-गाजर गडद होईपर्यंत परता. आता अर्धा कप रेड वाइन किंवा पाणी ओता. चर्र आवाज होऊन वाफेचा लोट उठतो, आणि लाकडी उलथण्याने तळ घासला की एवढा वेळ चिकटून बसलेला थर दहा-पंधरा सेकंदांत सुटून द्रवाचा रंग पालटतो. कोपरे विसरू नका, सर्वात जाड खरवड तिथेच असते. वाइन जवळपास आटली की ७५० मिलिलिटर बिनमिठाचा स्टॉक घाला आणि ५०० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा. गाळा, वर तरंगणारी चरबी चमच्याने काढा, मांस कापताना पाटावर सांडलेला रसही यात ओता. मीठ अगदी शेवटी. आठ माणसांना प्रत्येकी चार चमचे, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर मिळतात, आणि तेवढे पुरतात.

चमचा बुडवून काढला तर ज्यू त्याच्या पाठीवर पातळ चकाकी सोडतो, साय धरल्यासारखा थर नाही. बोटांना किंचित चिकट लागतो, ते जिलेटीन. विकतच्या पातळ स्टॉकमध्ये ही चिकटाई नसते. ती हवी असेल तर अर्ध्या लिटरला ७ ग्रॅम बिनचवीचं जिलेटीन थंड पाण्यात भिजवून घालतात, आणि ही युक्ती लबाडी मानण्याचं कारण नाही.

“पण ते लाल पाणी म्हणजे रक्तच ना?”

नाही. जनावराचं रक्त कत्तलीच्या वेळीच जवळपास सगळं निथळून जातं. स्नायूत तीन चतुर्थांश पाणी असतं आणि त्याला लाल रंग देणारं प्रथिन म्हणजे मायोग्लोबिन, स्नायूमध्ये प्राणवायू साठवणारं. ६० अंशांच्या पुढे ते बिघडायला लागतं आणि रंग गुलाबीकडून तपकिरी-करड्याकडे जातो. म्हणून कमी भाजलेल्या मांसाच्या पाटावर लाल रस दिसतो आणि पूर्ण शिजलेल्याच्या पाटावर पिवळसर. ज्यू तर उकळलेलाच असतो, त्यामुळे तो तपकिरी. पाटावरचा लाल रस उकळत्या ज्यूमध्ये ओतला की त्यातली प्रथिनं गोठून बारीक कण दिसतात. कुणाला ते फाटल्यासारखं वाटतं, पण पुन्हा एकदा गाळलं की संपलं.

“मग ही ग्रेव्हीच झाली की”

फरक पिठाचा. ट्रेमधल्या चरबीत मैदा परतून त्यावर स्टॉक घातला की इंग्लिश-अमेरिकन ग्रेव्ही होते, दाट आणि अपारदर्शक. ज्यूमध्ये पीठ नसतं. आरारूट किंवा कॉर्नफ्लोअरने हलकंच बांधलं तर त्याला ‘ज्यू लिए’ म्हणतात, म्हणजे बांधलेला ज्यू. आपल्याकडच्या हॉटेलात ‘ग्रेव्ही’ म्हणजे कांदा-टोमॅटो-काजूचं वाटण, तो तिसराच अर्थ. तिन्ही ठिकाणी शब्द एकच असल्याने परदेशी राहणाऱ्यांची गल्लत होते.

“क्यूब टाकला तर काय बिघडतं?”

आधी क्यूब कुठून आला ते पाहू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ च्या सुमारास मांसाचा अर्क काढण्याची पद्धत मांडली. युरोपात मांस महाग होतं, तर दक्षिण अमेरिकेत कातड्यासाठी गुरं मारून मांस वाया जात होतं. १८६५ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी निघाली आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस इथे अर्क बनू लागला. एक किलो अर्काला सुमारे तीस किलो मांस लागे. तो कारखान्याचा परिसर २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच कंपनीने १९१० मध्ये ऑक्सो क्यूब आणला. त्याआधी १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या युलिउस मॅगी यांचा बुयों क्यूब आला होता. हो, आपल्या दोन मिनिटांच्या नूडल्सवरचं नाव याच गृहस्थांचं.

आजच्या क्यूबमध्ये मात्र मांस नावापुरतं, कधी तेही नसतं. चव यीस्टचा अर्क आणि मोनोसोडियम ग्लुटामेट देतात आणि वजनात निम्म्याच्या आसपास मीठ असतं. गणित साधं आहे. दहा ग्रॅमच्या क्यूबमध्ये पाच ग्रॅम मीठ धरलं, तर अर्धा लिटर पाण्यात ते एक टक्का होतं. प्यायला ठीक. पण ज्यूसाठी ते निम्मं आटवलं की पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं: दोन टक्के. म्हणजे तोंडात घालवत नाही. क्यूब वापरायचाच असेल तर आटवून झाल्यावर चिमूटभर चुरा, मिठाऐवजी. पाकिटात ‘ओ ज्यू मिक्स’ म्हणून जी पूड मिळते तीही याच जातीची. भाजलेल्या मांसातून न पाझरलेल्या वस्तूला ‘रसासह’ म्हणायचं म्हणजे जरा धाडसच.

“हे पिऊन ताकद येते का?”

आजाऱ्याला सूप पाजण्याची समजूत जगभर आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ‘रेस्तोराँ’ हा शब्द मुळात ताजंतवानं करणाऱ्या बुयोंला वापरत. ते विकणाऱ्या दुकानांना तेच नाव पडलं आणि आज आपण त्याच शब्दाने बाहेर जेवायची जागा ओळखतो. पुढे १८५० च्या दशकात द्युव्हाल नावाच्या पॅरिसमधल्या खाटकाने कामगारांसाठी स्वस्त बीफ बुयोंची खानावळ काढली. अशा खानावळींनाच ‘बुयों’ म्हणू लागले. १८९६ ची ‘बुयों शार्तिए’ अजून चालू आहे.

पोषणाचं म्हणाल तर पातळ ब्रॉथमध्ये पाणी, क्षार आणि चव असते, प्रथिनं थोडी. जेलीसारख्या घट्ट स्टॉकमध्ये ती जास्त असतात, पण ती जिलेटीनच्या रूपात, आणि जिलेटीनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल अजिबात नसतं. तापातून उठलेल्या माणसाला पाणी-मीठ पोटात जाण्यासाठी हे उत्तम. जेवणाची जागा ते घेऊ शकत नाही. या बाबतीत मुगाचं कढण उजवं, कारण त्यात डाळही असते.

बुडवायचं की ओतायचं

भाजलेल्या बीफचं सँडविच ज्यूमध्ये भिजवून खायची पद्धत लॉस एंजेलिसची, नाव ‘फ्रेंच डिप’. नावात ‘फ्रेंच’ असलं तरी जन्म अमेरिकेतलाच. फिलिप्स आणि कोल्स, दोन्ही १९०८ मध्ये सुरू झालेल्या खानावळी, शोध आपलाच म्हणत आल्या आहेत. पहिल्या ठिकाणची पद्धत पाव आतूनच भिजवून देण्याची, दुसऱ्या ठिकाणची वाटी शेजारी ठेवण्याची. शिकागोच्या ‘इटालियन बीफ’ सँडविचला कोरडं, ओलं की बुडवलेलं असं विचारतात. मिसळीचा पाव कटात बुडवणाऱ्याला हे समजवावं लागू नये. पाव मऊ-पोकळ असेल तर लगेच विरघळतो, कडक कवचाचा घ्यावा.

बीफ खात नसाल तर

मराठी माणसासाठी या सगळ्या शब्दांचा रोजचा उपयोग बहुधा हाच. महाराष्ट्रात गोहत्येवर आधीपासून बंदी आहे आणि २०१५ पासून ती बैल-वळूंनाही लागू आहे, त्यामुळे इथल्या मेन्यूवर ‘बीफ’ दिसलं तर ते सहसा म्हशीचं असतं. परदेशात तसं नाही, आणि तिथे बीफ द्रवरूपात कुठेही असू शकतं. फ्रेंच ऑनियन सूप नावाला कांद्याचं, पण पारंपरिक पद्धतीत बीफ स्टॉकमध्ये केलेलं. ‘डेमी-ग्लास’ म्हणजे आटवलेल्या तपकिरी स्टॉकचा सॉस. व्हिएतनामी ‘फो’ हे नूडल्सचं सूप, त्याचा रस्सा बहुतेकदा बीफच्या हाडांवर उकळलेला. यॉर्कशर पुडिंग दिसायला साधा फुगलेला मैद्याचा पदार्थ, पण पारंपरिक पद्धतीत ट्रेमध्ये ठिबकलेल्या चरबीत भाजलेला. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या फ्राइजमध्ये बीफचा स्वाद असल्याचं उघड झाल्यावर २००१ मध्ये खटला झाला आणि २००२ मध्ये कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

उलटही घडतं. लेबलवर ‘बीफ फ्लेवर’ लिहिलेल्या काही पुड्यांत बीफ औषधालाही नसतं. बोव्हरिल हा बीफच्या अर्कासाठीच प्रसिद्ध ब्रँड, पण २००४ मध्ये त्यांनी बीफ काढून यीस्टचा अर्क घातला आणि २००६ मध्ये पुन्हा बीफ आणलं. तेव्हा समोरचं नाव वाचून निष्कर्ष काढू नये, घटकांची यादी वाचावी. हॉटेलात “यात मांस आहे का?” असं विचारलं तर वेटर प्रामाणिकपणे नाही म्हणेल, कारण त्याच्या लेखी तुकडे म्हणजे मांस. “स्टॉक कशाचा आहे?” असं विचारावं.

ज्यूची कल्पना मटणाला जशीच्या तशी लागू पडते. शाकाहारी करायचा तर अर्धा किलो मशरूम, दोन कांदे आणि एक गाजर तेलाचा हात लावून २२० अंशांवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजा. दरम्यान १५ ग्रॅम सुके शिताके मशरूम ६०० मिलिलिटर कोमट पाण्यात भिजवा. ट्रे गॅसवर घेऊन अर्धा कप पाण्याने खरवड सोडवा, भिजवलेलं पाणी तळाची रेती सोडून ओता, चमचाभर सोया सॉस घाला आणि ३५० मिलिलिटरपर्यंत आटवून गाळा. मीठ चाखून मगच. जिलेटीन नसल्याने तो ओठांना चिकटणार नाही आणि फ्रिजमध्येही जेली धरणार नाही. चकाकी हवी असेल तर अर्धा चमचा आरारूट थंड पाण्यात कालवून शेवटी घालावं, एक उकळी येताच गॅस बंद.